ओळींचे संयोग आणि सममूल्य समीकरणसंच : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बारावीच्या गणितात मॅट्रिक्स येते तेव्हा ओळींवरच्या क्रिया बहुतेक विद्यार्थ्यांना चटकन जमतात. दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा करायची, तिसरीला तीनने भागायचे, दोन ओळींची अदलाबदल करायची, आणि शेवटी उत्तरही बरोबर येते. पण ‘तुम्ही मूळ समीकरणे बाजूला ठेवून भलतीच समीकरणे सोडवलीत, मग त्यांची उत्तरे मूळ समीकरणांचीही आहेत हे कशावरून?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर पायरीपायरीने देण्यासाठी लिहिला आहे. गोव्यात ज्यांची प्राथमिक शाळा मराठीत झाली आणि पुढचे शिक्षण इंग्रजीतून झाले, त्यांनी हा विषय बहुधा इंग्रजीतूनच ऐकलेला असतो. त्यांनी तो एकदा मराठीत, वही-पेन्सिल हाताशी घेऊन आणि प्रत्येक आकडा स्वतः पडताळून वाचावा, अशी माझी विनंती आहे.

पहिली पायरी : संयोग म्हणजे काय

मांडवी आणि झुआरी नद्यांतून बार्जमध्ये भरून मुरगाव बंदराकडे जाणारे लोहखनिज गोमंतकीयांच्या परिचयाचे आहे. प्रत्येक खाणीच्या खनिजात लोहाचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे खरेदीदाराला हवी ती प्रत मिळवण्यासाठी वेगवेगळ्या प्रतींचे खनिज मिसळावे लागते. समजा, एका ढिगात लोह ६२ टक्के आहे, दुसऱ्यात ५६ टक्के आहे आणि मागणी ५८ टक्क्यांची आहे. पहिल्या ढिगातून एक भाग आणि दुसऱ्यातून दोन भाग घेतले, तर (६२ + ५६ + ५६) भागिले ३, म्हणजे बरोबर ५८ येतात. येथे आपण ६२ ला १/३ ने आणि ५६ ला २/३ ने गुणून बेरीज केली. राशींना ठरावीक संख्यांनी गुणायचे आणि आलेले गुणाकार मिळवायचे, एवढ्याच कृतीला रेषीय संयोग म्हणतात. ज्या संख्यांनी गुणले, ते त्या संयोगाचे सहगुणक.

खनिजाच्या मिश्रणात सहगुणक ऋण असू शकत नाहीत आणि त्यांची बेरीज १ असावी लागते. बीजगणितात यांपैकी कोणतेही बंधन नाही. सहगुणक ऋण असोत, अपूर्णांक असोत वा शून्य असोत, संयोग तो संयोगच. पुढे आपण −७ सारखे सहगुणकही वापरणार आहोत, तेव्हा हा फरक आत्ताच मनात पक्का करावा.

दुसरी पायरी : मॅट्रिक्सचा संयोग

मॅट्रिक्स म्हणजे आडव्या ओळी आणि उभे स्तंभ असलेली आकड्यांची आयताकार सारणी. सारख्या आकाराच्या दोन मॅट्रिक्सचा संयोग घेताना प्रत्येक जागेवरचा आकडा स्वतंत्रपणे हाताळायचा असतो. क या मॅट्रिक्सच्या ओळी (१, ०) आणि (२, १) आहेत, तर ख च्या ओळी (०, १) आणि (१, −१) आहेत, असे धरू. मग ३क + २ख या संयोगाची पहिली ओळ (३, २) आणि दुसरी ओळ (६ + २, ३ − २), म्हणजे (८, १) होईल. हे गणित सोपे आहे आणि त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

विचार करायला लावतो तो उलटा प्रश्न. (३, २) आणि (८, ५) या ओळींची मॅट्रिक्स क आणि ख यांचा संयोग आहे काय? अ आणि ब हे सहगुणक शोधायचे ठरवले, तर चार जागांवरून चार समीकरणे मिळतात : अ = ३, ब = २, २अ + ब = ८ आणि अ − ब = ५. पहिली तीन समीकरणे एकमेकांशी जुळतात, पण चौथे ३ − २ = ५ असे सांगते, जे अशक्य आहे. म्हणून ही मॅट्रिक्स क आणि ख यांचा संयोग नाही. एखादी वस्तू इतर वस्तूंचा संयोग आहे का, हे विचारताच आपल्यासमोर रेषीय समीकरणांचा संच उभा राहतो, ही गोष्ट येथे नीट पाहून घ्यावी. संयोग आणि समीकरणसंच हे दोन विषय पाठ्यपुस्तकात शेजारीशेजारी येतात, त्याचे कारण हेच आहे.

या कल्पनेची झेप किती मोठी आहे, हे सांगण्यासाठी एक उल्लेख येथे करावासा वाटतो. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून आपल्याला अधिक ठाऊक आहेत, पण ते मुळात गणिती होते. यादृच्छिकपणे बदलणारे एखादे फलन ठरावीक फलनांच्या अनंत संयोगाच्या रूपात कसे मांडता येते, हे त्यांनी १९४३ साली दाखवले. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह हे गणिती स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले आणि आज त्या सिद्धांताला तिघांचीही नावे जोडली जातात. आपण येथे दोन-तीन ओळींचे जे संयोग करणार आहोत, तीच कल्पना तेथे अनंत पदांपर्यंत नेलेली आहे.

तिसरी पायरी : समीकरणांवरून मॅट्रिक्स

आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली तीन बिले घेऊ. एका नारळाचा भाव न रुपये, एक किलो उकड्या तांदळाचा त रुपये आणि सोलांच्या एका पाकिटाचा स रुपये आहे, असे मानू. तिन्ही गिऱ्हाइकांनी एकाच दुकानात, एकाच भावाने खरेदी केली. पहिल्याने प्रत्येकी एक वस्तू घेऊन २०० रुपये दिले. दुसऱ्याने दोन नारळ, तीन किलो तांदूळ आणि एक पाकीट घेऊन ३६० रुपये दिले. तिसऱ्याने तीन नारळ, एक किलो तांदूळ आणि दोन पाकिटे घेऊन ३८० रुपये दिले. (आकडे उदाहरणापुरते आहेत.)

न + त + स = २००
२न + ३त + स = ३६०
३न + त + २स = ३८०

अक्षरांचा क्रम एकदा ठरला की ती पुन्हा पुन्हा लिहिण्याची गरज राहत नाही. केवळ सहगुणक लिहून उभ्या रेघेपलीकडे बिलाची रक्कम लिहिली की विस्तारित मॅट्रिक्स तयार होते :

१  १  १ | २००
२  ३  १ | ३६०
३  १  २ | ३८०

प्रत्येक ओळ म्हणजे एक संपूर्ण समीकरण आहे. म्हणून ओळींचा संयोग घेणे म्हणजे समीकरणांचा संयोग घेणे, आणि त्यात रेघेपलीकडची रक्कमही त्याच सहगुणकाने गुणली गेली पाहिजे. नवशिके सर्वांत जास्त येथेच चुकतात : डावीकडचे तीन आकडे बदलतात आणि उजवीकडची रक्कम तशीच राहते.

चौथी पायरी : निरसन

निरसन म्हणजे ओळींच्या क्रियांनी समीकरणांतून एकेक अक्षर घालवणे. ओळींना ओ१, ओ२, ओ३ म्हणू. पहिल्या स्तंभात ओ१ खाली शून्ये आणायची आहेत, म्हणून ओ२ च्या जागी ओ२ − २ओ१ आणि ओ३ च्या जागी ओ३ − ३ओ१ लिहू :

१  १  १ | २००
०  १  −१ | −४०
०  −२  −१ | −२२०

आता नव्या तिसऱ्या ओळीत नव्या दुसऱ्या ओळीची दुप्पट मिळवू :

१  १  १ | २००
०  १  −१ | −४०
०  ०  −३ | −३००

शेवटची ओळ −३स = −३०० सांगते, म्हणून स = १००. तिच्या वरची ओळ त − स = −४० सांगते, म्हणून त = ६०. पहिल्या ओळीवरून न = ४०. ही उत्तरे मूळ तिन्ही बिलांत घालून पाहावीत, ती जुळतात.

या रीतीला जर्मन गणिती गाऊस (१७७७–१८५५) याचे नाव मिळाले आहे. मात्र चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मोजणीच्या काड्या सारणीत मांडून अशाच प्रकारे निरसन करत असत. ‘मॅट्रिक्स’ हे नाव इंग्रज गणिती सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये दिले आणि केली (Cayley) या गणितीने १८५८ मध्ये मॅट्रिक्सचे स्वतंत्र बीजगणित मांडले. म्हणजे रीत आधी होती आणि तिचे शास्त्र फार उशिरा आले.

पाचवी पायरी : परतीची वाट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरच्या अंतिम मॅट्रिक्समधली तिसरी ओळ मूळ ओळींतून नेमकी कशी आली, ते उलगडून पाहू. ती (ओ३ − ३ओ१) + २(ओ२ − २ओ१) आहे, म्हणजे −७ओ१ + २ओ२ + ओ३. पडताळा घेऊ : न चा सहगुणक −७ + ४ + ३ = ०, त चा −७ + ६ + १ = ०, स चा −७ + २ + २ = −३, आणि रक्कम −१४०० + ७२० + ३८० = −३००. सर्व जुळले. नवी प्रत्येक ओळ जुन्या ओळींचा संयोग आहे.

यावरून काय सिद्ध होते, हे काळजीपूर्वक पाहायला हवे. न, त, स च्या एखाद्या किमतींनी जुनी तिन्ही समीकरणे खरी ठरत असतील, तर प्रत्येक समीकरणाच्या दोन्ही बाजू समान आहेत. समान राशींना त्याच संख्येने गुणून मिळवले तरी त्या समानच राहतात. म्हणून त्याच किमतींनी नवी समीकरणेही खरी ठरतात. जुनी प्रत्येक उकल ही नव्या संचाची उकल आहे. परंतु एवढ्यावर थांबता येत नाही, कारण नव्या संचाला याखेरीज आणखी काही उकली नसतील कशावरून?

त्यासाठी परत जाता आले पाहिजे. नव्या ओळींना नो१, नो२, नो३ म्हणू. ओ१ तर नो१ च आहे. ओ२ = २नो१ + नो२. आणि ओ३ = ३नो१ − २नो२ + नो३. शेवटच्या ओळीची रक्कम पडताळून पाहा : ६०० + ८० − ३०० = ३८०. जुनी प्रत्येक ओळ नव्या ओळींचा संयोग आहे, म्हणून वरचाच युक्तिवाद उलट्या दिशेने लागू होतो आणि नवी प्रत्येक उकल ही जुन्याचीही उकल ठरते. दोन समीकरणसंचांपैकी प्रत्येकातील प्रत्येक समीकरण दुसऱ्यातील समीकरणांचा संयोग असेल, तर त्यांना सममूल्य संच म्हणतात, आणि सममूल्य संचांच्या उकली अगदी तंतोतंत त्याच असतात. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील हे सर्वांत महत्त्वाचे विधान आहे. ते ज्याला उमगले त्याला ओळींच्या क्रियांचे नियम पाठ करावे लागत नाहीत, कारण कोणती क्रिया चालेल हे ‘यातून परत जाता येईल का’ या एका कसोटीवर त्याला स्वतःलाच ठरवता येते. ओळींची अदलाबदल पुन्हा अदलाबदलीने उलटते. शून्येतर संख्येने केलेला गुणाकार तिच्याच भागाकाराने उलटतो. एका ओळीत दुसरीचा पट मिळवला असेल, तर तोच पट वजा करून मूळ ओळ मिळते. शून्याने गुणणे मात्र वर्ज्य आहे, कारण त्या ओळीतली माहिती पुसली जाते आणि ती कोठूनही परत आणता येत नाही.

हेच मॅट्रिक्सच्या गुणाकारात फार नेटके दिसते. (१, ०, ०), (−२, १, ०), (−७, २, १) या ओळींच्या मॅट्रिक्सने मूळ विस्तारित मॅट्रिक्सला डावीकडून गुणले, की एका फटक्यात अंतिम मॅट्रिक्स मिळते, कारण डावीकडच्या मॅट्रिक्सची प्रत्येक ओळ म्हणजे संयोगाच्या सहगुणकांची यादीच असते. परतीची मॅट्रिक्स (१, ०, ०), (२, १, ०), (३, −२, १) या ओळींची आहे. या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार एकक मॅट्रिक्स (मुख्य कर्णावर १ आणि इतरत्र ०) येतो, तो स्वतः करून पाहावा. जिच्याशी गुणल्यावर एकक मॅट्रिक्स मिळते त्या व्यस्त मॅट्रिक्सची व्याख्या कोरडी वाटत असेल, तर तिचे काम येथे प्रत्यक्ष दिसते.

परतीची वाट कशी बंद होते

क्ष + य = ५ आणि क्ष − य = १ हा संच घ्या. याची एकच उकल आहे : क्ष = ३, य = २. एखादा विद्यार्थी पहिल्या ओळीच्या जागी दोन्ही ओळींची बेरीज लिहितो आणि त्याच वेळी, जुन्याच ओळी डोळ्यांसमोर ठेवून, दुसरीच्या जागीही दोन्हींची बेरीज लिहितो. दोन्ही ओळी २क्ष = ६ होतात. नवी प्रत्येक ओळ जुन्या ओळींचा संयोग आहे, यात शंका नाही, पण आता य कितीही चालेल. क्ष = ३, य = १० हीसुद्धा नव्या संचाची उकल आहे, जी जुन्याची नव्हती. दोन ओळी एकाच वेळी एकमेकींच्या आधारे बदलू नयेत, हा नियम शिक्षक सांगतात तो यासाठीच. एका वेळी एक ओळ बदलावी आणि पुढच्या क्रियेत बदललेलीच ओळ वापरावी.

बिल वाढले, माहिती वाढली नाही

समजा, तिसऱ्या गिऱ्हाइकाचे बिल वेगळे होते : तीन नारळ, चार किलो तांदूळ, दोन पाकिटे, रक्कम ५६०. निरसन करून पाहिले तर तिसरी ओळ (०, ०, ० | ०) अशी संपूर्ण शून्य होते. कारण उघड आहे : हे बिल म्हणजे पहिल्या दोन बिलांची बेरीज आहे. ज्याने पहिली दोन बिले पाहिली, त्याला तिसरे काहीही नवीन सांगत नाही. हा तीन समीकरणांचा संच पहिल्या दोन समीकरणांच्या संचाशी सममूल्य आहे. म्हणजे सममूल्य संचांत समीकरणांची संख्या सारखीच असली पाहिजे असे नाही.

अशा वेळी त = स − ४० आणि न = २४० − २स एवढेच हाती येते. स = १०० घेतले तर मघाचेच भाव मिळतात, पण स = ९० घेतले तर त = ५०, न = ६० हे भावही सर्व बिलांत तितकेच चपखल बसतात. भाव धन असायला हवेत, म्हणून स ४० आणि १२० यांच्या दरम्यान आहे, एवढे सांगता येईल. नेमका भाव सांगता येणार नाही.

आणि तेच बिल ५६० ऐवजी ५५० चे असते तर? तिसरी ओळ (०, ०, ० | −१०) होते, जी ० = −१० असे म्हणते. कोणतेही भाव घेतले तरी हे खरे होणार नाही. याचा अर्थ गणित चुकले असा घेऊ नये. तिघांना एकच भाव लावला हे आपले गृहीतच खोटे ठरले आहे. कुठे बेरीज चुकली असेल किंवा तिसऱ्या गिऱ्हाइकाला दहा रुपयांची सूट मिळाली असेल.

सहावी पायरी : दोन संच सममूल्य आहेत का, हे तपासणे

परीक्षेत दोन संच देऊन ते सममूल्य असल्यास प्रत्येक समीकरण दुसऱ्या संचाचा संयोग म्हणून लिहायला सांगतात. पहिला संच क्ष + २य = ८ आणि ३क्ष − य = ३ असा घेऊ; दुसरा ४क्ष + य = ११ आणि क्ष − य = −१ असा घेऊ. दुसऱ्यातील पहिले समीकरण ही पहिल्या संचातील दोन समीकरणांची सरळ बेरीज आहे. क्ष − य = −१ साठी अ आणि ब शोधावे लागतील : अ + ३ब = १ आणि २अ − ब = −१. यातून अ = −२/७ आणि ब = ३/७ येतात. आता उजवी बाजू आपोआप जुळते की नाही हे पाहणे अत्यावश्यक आहे : −१६/७ + ९/७ = −१. जुळली.

परतीच्या दिशेने क्ष + २य = ८ हे दुसऱ्या संचातील पहिल्या समीकरणाच्या ३/५ पटीत दुसऱ्याची −७/५ पट मिळवून येते, आणि ३क्ष − य = ३ हे २/५ व ७/५ या सहगुणकांनी येते. रकमा पडताळा : ३३/५ + ७/५ = ८ आणि २२/५ − ७/५ = ३. दोन्ही दिशा पूर्ण झाल्या, म्हणून संच सममूल्य आहेत. हे करताना दशांश चिन्हे वापरू नयेत. २/७ हा अपूर्णांक ०.२८६ असा लिहिला की पडताळा ‘जवळपास’ जुळतो आणि जवळपास जुळणे येथे उपयोगाचे नाही.

संच मोठे असतील तर दुसरी वाट सोयीची पडते. दोन्ही विस्तारित मॅट्रिक्स पूर्ण पायरीरूपात आणाव्यात, म्हणजे प्रत्येक ओळीतला पहिला शून्येतर आकडा १ असावा, तो वरच्या ओळीतल्या अशा १ च्या उजवीकडे असावा आणि त्याच्या स्तंभात इतरत्र शून्येच असावीत. प्रत्येक मॅट्रिक्सचे असे रूप एकमेव असते. शून्य ओळी गाळल्यावर दोन्ही रूपे एकच आली तर संच सममूल्य आहेत, अन्यथा नाहीत. वरच्या दोन्ही संचांचे रूप (१, ० | २), (०, १ | ३) येते.

एका बारकाव्याकडे येथे दुर्लक्ष होऊ नये. दोन संचांत चले तीच असतील, दोघांनाही किमान एक उकल असेल आणि सर्व उकली सारख्या असतील, तर ते संच सममूल्य असतातच. परंतु ज्यांना उकलच नाही अशा संचांना हे लागू नाही. क्ष + य = १, क्ष + य = २ हा एक संच आणि क्ष = १, क्ष = २ हा दुसरा, या दोघांनाही उकल नाही, म्हणजे त्यांच्या उकली ‘सारख्याच’ आहेत. पण पहिल्या संचातील समीकरणांचा कोणताही संयोग घेतला तरी क्ष आणि य यांचे सहगुणक समानच राहतात, त्यामुळे त्यातून क्ष = १ कधीच मिळणार नाही. हे संच सममूल्य नाहीत.

सरावासाठी पुन्हा म्हापशाच्या बाजारातली पहिली दोनच बिले घ्या आणि न, त, स चे भाव काढण्याच्या फंदात न पडता सांगा : चार नारळ, पाच किलो तांदूळ आणि तीन पाकिटे यांचे बिल किती होईल? एक नारळ आणि दोन किलो तांदूळ यांचे किती? आणि पाच नारळ, चार किलो तांदूळ व तीन पाकिटे यांचे बिल तेवढ्याच माहितीवरून का सांगता येत नाही, हेही दोन सहगुणक मांडून दाखवा.